आधी फांदी, मग हात

मुन्सिफला कुठलीही वस्तू दिसली, की ती कशाला टेकून उभी आहे हे तो आधी बघायचा. चहाचा पेला असो, दाराची बिजागरी असो, की लग्नात खुर्चीवर अवघडून बसलेला नवरदेव असो. "हा कशावर टिकलाय?" असं तो मनातल्या मनात विचारायचा, आणि उत्तर मिळेपर्यंत त्याचं मन तिथून हलत नसे. धंद्यानं लावलेलं वळण होतं ते.

स्फाक्स शहराबाहेर ग्रेमदा रस्त्याला सी तय्यबचा कारखाना आहे. तिथे तेलघाण्यांची यंत्रं बनतात: जैतुनाची फळं धुणारी, दळणारी, लगदा मळणारी. लोखंडाला हात लागण्याआधी यंत्राचा एकेक भाग मुन्सिफ कॉम्प्युटरवर घडवायचा. मग ते सगळे भाग पडद्यावरच्या एका मोकळ्या आभाळात आणायचे आणि एकमेकांशी जुळवायचे. नवा आणलेला भाग आधी नुसता तरंगत असतो. त्याला सगळ्या वाटा मोकळ्या असतात: पुढे-मागे, वर-खाली, डावी-उजवीकडे, शिवाय हव्या त्या अंगाने गिरकी. मुन्सिफ त्याची एकेक वाट बंद करत जायचा. हा दांडा या भोकातच बसेल. ही चकती त्या चकतीला पाठ लावूनच राहील. शेवटी त्या भागाला ज्यासाठी जन्माला घातलं तेवढीच एक वाट उरायची. मग मुन्सिफ त्याला माऊसने धरून हळूच ओढायचा, आणि दात्यात दाता घालत अख्खं यंत्र, कुठेही आवाज न करता, वळायला लागायचं. कुठे दोन भाग एकमेकांत घुसलेच, तर तेवढी जागा लाल व्हायची.

"तुझं बरंय, मुन्सिफ," वेल्डर बशीर म्हणायचा. "तुझ्या यंत्रात हात गेला तरी बोट तुटत नाही."

"म्हणून तर तुझी दहा शाबूत आहेत," मुन्सिफ पडद्यावरची नजर न काढता म्हणायचा.

हे काम त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शाळा अर्ध्यात सोडून तो या कारखान्यात कापलेल्या पत्र्यांच्या कडा घासायला आला होता. पुढे कॉम्प्युटर आला, त्याच्यासोबत एक इंजिनियर आला, आणि वर्ष फिरायच्या आत इंजिनियर समुद्रापार निघून गेला. खुर्ची रिकामी राहिली. मुन्सिफ जेवणाच्या सुट्टीत तिच्यावर जाऊन बसायला लागला. शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणून चुकायला मोकळीक होती. पुष्कळ चुकला आणि त्यातच तयार झाला. आता डोक्यावरचे केस विरळ झाले होते, आणि खुर्चीला त्याच्या पाठीचा आकार आला होता.

त्याचं बालपण मात्र लोखंडात गेलं नव्हतं. ते गेलं जैतुनाच्या झाडाखाली अंथरलेल्या कापडावर. वर शिडीवर त्याची आई, मन्नूबिया. उजव्या हाताच्या तीन बोटांत मेंढ्याच्या शिंगाची टोकं, अंगुस्तान्यासारखी चढवलेली. डाव्या हाताने फांदी जवळ घ्यायची आणि शिंगांची बोटं तिच्यातून अशी ओढायची, की पान न दुखता फळ सुटावं. झाडावर पुरुष चढायचे आणि बायका खाली वेचायच्या, तेव्हाही मन्नूबिया शेंड्यालाच असायची. खालून तिचा चेहरा दिसत नसे. दिसायचा फक्त हात, पानांत शिरून बाहेर येणारा, आणि वरून टपटपणारी जैतुनं. लहानपणी मुन्सिफला वाटायचं, आई म्हणजे झाडाचाच एक हलणारा भाग.

दोन हिवाळ्यांमागे तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय परतला, जरासा खरडत. जीभ तर लगेच परतली, आधीपेक्षा धार लावून. हात परतला नाही. कोपरात वाकवला की वाकलेला, सरळ केला की सरळ. ठेवाल तिथे राहायचा.

तरी हंगाम जवळ आला, की ती पेटीतली शिंगं काढायची आणि डाव्या हाताने त्यांना तेल चोळत ओट्यावर बसायची.

"उम्मी, आता कशाला तेल लावतेस त्यांना?" मुन्सिफने एकदा विचारलं.

"कोरडी पडली की तडकतात."

"पण वापरायची नाहीत ना ती."

"मी तरी कुठे वापरात आहे?" मन्नूबिया म्हणाली. "तरी तुझी बायको रोज माझ्या हाताला तेल लावतेच की नाही?"

आतून जलिलाचा, मुन्सिफच्या बायकोचा, हसण्याचा आवाज आला. मुन्सिफला हसू आलं नाही.

घरच्या जैतुनांच्या बनाच्या कोपऱ्यात, जिथे झाडांची ओळ संपते, तिथे एक झाड सगळ्यांपासून फटकून उभं होतं. मन्नूबिया नवी नवरी म्हणून आली, तेव्हाच तिने त्याचं नाव हज्जाला ठेवलं होतं. आमच्याकडे नवरा गेलेल्या बाईला हज्जाला म्हणतात. एकटं उभं राहतं म्हणून थट्टेनं ठेवलेलं नाव. पुढे मुन्सिफचा बाप गेला, तेव्हा चाळीसाव्या दिवसाचं जेवण उरकल्यावर ती त्या झाडाखाली जाऊन बसली होती. "आता दोघी झालो," एवढंच म्हणाली. तेव्हापासून हज्जालाला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही, हा तिचा रिवाज झाला; हात गेल्यावर तेवढा तो मोडला.

त्या वर्षी हंगामाच्या तोंडावर छाटणीवाला अम्म खमीस बनातून फिरला. हज्जालाच्या बुंध्यावर त्याने मूठ आपटून पाहिली, वर पाहिलं आणि टोपी मागे सरकवली.

"ही थकली. या हंगामानंतर हिचं डोकं उतरवायला हवं. मग बुडातून नवे फुटवे येतील. चार-पाच वर्षांत पुन्हा धरेल."

"चार-पाच वर्षांत," मन्नूबिया म्हणाली. "खमीस, तू माणसांची छाटणी करतोस का रे?"

"माणसं फुटत नाहीत, मन्नूबिया. नाहीतर आधी मीच बसलो असतो करवतीखाली."

ती झाडाकडे वळली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "यंदा हिला कुणी हात लावायचा नाही. हिची फळं मी उतरवणार."

शिंगांची बोटं घातलेली मंडळी एकमेकांकडे बघू लागली. कुणीतरी खोकलं. पिकं काढून बन मोकळं होईल, मग खमीस करवत घेऊन येईल, आणि त्यानंतर हज्जालाला पुन्हा फळ येईतो मन्नूबिया असेल की नसेल, हे तिथे उभ्या प्रत्येकाला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मुन्सिफ मालकासमोर, सी तय्यबसमोर, उभा राहिला. "अर्फी, जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्युटर वापरू का?"

"कशासाठी?"

"उम्मीच्या हातासाठी."

सी तय्यब अस्सल स्फाक्सचा माणूस. खिळा वाकला तर सरळ करून ठेवणारा. त्याने चष्मा काढून पुसला. "भंगारातलं लोखंड घे," तो म्हणाला. "नव्या पत्र्याला हात लावू नकोस." मग चष्मा पुन्हा चढवून, "पट्ट्याचं चामडं माझ्याकडे पडलंय, ते ने."

त्या संध्याकाळी मुन्सिफने आईचा निर्जीव हात जेवणाच्या टेबलावर कागदावर पसरला. पेन्सिल फिरवून कड काढली, एकेक पेर मोजलं, मनगट किती वळतं ते हलक्या हाताने वळवून पाहिलं. हात उबदार होता. आईचा हात इतका वेळ आपल्या हातात कधी होता, हे त्याला आठवेना. लहानपणी तो नेहमी वर असायचा, पानांत.

"एवढी मापं कशाला घेतोस?" मन्नूबिया म्हणाली. "ईदला कापायचं आहे का मला?"

"हलू नकोस, उम्मी."

"मी कुठे हलवतेय? तूच हलवतोयस."

कारखान्यात त्याने सर्वांत आधी फांदी घडवली. खरं तर फांदीची गरज फक्त अंदाजापुरती होती, पण त्याने तिला बाक दिला, बारीक फाटे दिले, पानंसुद्धा लावली, आणि आमच्या जातीची ती बारीक, काळपट फळं देठाला लटकवली. पानांतच कितीतरी सुट्ट्या गेल्या. मग जुळणीचं आभाळ उघडलं आणि सर्वांत आधी ती फांदी तिथे आणून सोडली. आमच्याकडे झाडच आधी येतं. कुणाचा कोण विचारलं, तर आधी बन सांगतात आणि मग बापाचं नाव. त्याच्या मनात दुसरं काही आलंच नाही.

मग हात. चामड्याच्या पट्ट्याने दंडाला बांधायचं लोखंडी कवच, मनगटापाशी सांधा, तीन शिंगं, ती मिटवणाऱ्या स्प्रिंगा, आणि एक दोरी. दोरी डाव्या हाताने ओढली, की उजवं मनगट वळावं आणि शिंगं फांदीवरून खाली सरकावीत. भाग एकेक करून त्याने जागेवर बसवले, एकेक वाट बंद केली. मग माऊसने दोरी ओढली.

शिंगं फांदीतून अशी गेली, जशी पोरीच्या ओल्या केसांतून फणी. कुठेही लाल नाही. मनगट शेवटी जरा बाहेर वळलं. ते वळण त्याने मुद्दाम दिलं नव्हतं, पण ते तिचंच होतं. त्याने पुन्हा ओढलं. पुन्हा.

"वेल्डिंग मी करतोय," मागून बशीर म्हणाला, "आणि डोळे तुझे गळतायत?"

"धूर इकडे येतोय."

"वारा तिकडे आहे, खोटारड्या. आण ते चित्र, मी जोडून देतो."

सुट्टीच्या दिवशी ते बनात गेले. मन्नूबियाने डोक्यावरून घेतलेली सफसारीची चादर कमरेला खोचली होती, जुन्या काळी शिडीवर चढताना खोचायची तशी. जलिलाने खायला आणलेला बसीसाचा डबा आणि चहाची किटली सावलीत ठेवली. मुन्सिफने पट्टे आवळले. मन्नूबिया हज्जालाच्या झुकलेल्या फांदीपुढे उभी राहिली, पुटपुटत अल्लाचं नाव घेतलं, आणि दोरी ओढली.

शिंगं मिटली, मनगट वळलं, सगळं पडद्यावर दिसलं होतं तसंच. फक्त फांदी थांबली नाही. शिंगं जिकडे, ती तिकडे गेली. ओढली तितकी वाकली, आणि सुटल्यावर सपकन परत येऊन मन्नूबियाच्या गालावर बसली. दोन पानं पडली. फळ एकही नाही.

पुन्हा ओढली. पुन्हा तेच. डाव्या हाताने फांदी धरायला जावं, तर दोरी सैल पडे. दोरी धरावी, तर फांदी पळे.

"मी धरतो फांदी, उम्मी."

"मग तूच ओरबाड. मी कशाला आले?"

"एकदा करून तर बघ."

"सोड." तिचा गाल लाल झाला होता. "या वलिदी, माझ्या पोरा, ही तुझ्या काचेतली फांदी नाही. हिला वारा लागतो."

ती सावलीत जाऊन बसली. बसीसा कुणी खाल्ला नाही. परतीच्या वाटेवर पिकअपमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. शेजारची बनं उतरवून होत आली होती, कापडं गुंडाळली जात होती. घरी आल्यावर तिने शिंगं पेटीत टाकली आणि झाकण लावलं. पुढचे दिवस तिने त्यांना तेल लावलं नाही. मुन्सिफला तिच्या टोमण्यांची सवय होती, पण या गप्प बसण्याची नव्हती.

आणि खमीसचा निरोप आला, की येत्या आठवड्यात तो करवत घेऊन येतोय.

मुन्सिफने जुळणी पुन्हा उघडली. हातात काहीच खोट दिसेना. म्हणून जरा बाजूला सारून बघावं, या विचाराने त्याने फांदीच माऊसने धरली आणि ओढली. फांदी हलली नाही. त्याने जोरात ओढली, जणू जोराचा काही उपयोग होता. मग त्याचं लक्ष तिच्या नावापुढच्या बारीकशा खिळ्याच्या खुणेकडे गेलं.

जुळणीत जो भाग पहिला येतो, तो आपोआप खिळतो. मग बाकीच्यांनी त्याच्याभोवती हलायचं. मुन्सिफ हे इतकी वर्षं जाणत होता. म्हणून तर यंत्राचा पाया तो नेहमी आधी आणायचा. साऱ्या जगाला "तू कशावर टिकलायस?" विचारणाऱ्या माणसाने फांदीला ते विचारलंच नव्हतं. त्याने फांदी आभाळाला खिळे मारून बसवली होती.

"या रब्बी," तो म्हणाला आणि हसायला लागला. ते हसू फार काळ टिकलं नाही.

त्याने फांदीचा खिळा काढला. आता सगळंच तरंगू लागलं. शिंग धरून ओढलं, तर फांदीही त्याच्यामागून आली, अगदी बनात झालं तसं. आता दुसरं काहीतरी खिळवायला हवं होतं. पडद्यावर दोनच गोष्टी होत्या. त्याने हातावर खूण केली आणि हात खिळवला.

मग तो नुसता बघत बसला. या हाताला खिळवायची काय गरज होती? तो दोन हिवाळ्यांपासून खिळलेलाच होता. ठेवाल तिथे राहतो, असं घरात सगळे म्हणायचे, आणि म्हणताना आवाज खाली करायचे.

त्याने फांदी धरली आणि हलकेच आपल्याकडे ओढली. स्थिर शिंगांतून ती सरसरत बाहेर आली, पान न् पान. पडद्याच्या लेखी काहीच बदललं नव्हतं. हात फांदीवरून गेला काय आणि फांदी हातातून गेली काय.

मग त्याने एकेक भाग काढायला घेतला. दोरी गेली. स्प्रिंगा गेल्या. मनगटाचा सांधा गेला, आणि त्याच्यासोबत ते बाहेर वळणारं वळणही गेलं. ते काढताना त्याचा हात जरा थांबला. उरलं काय, तर हाताखाली एक पन्हळ, पन्हळीतून कमरेच्या पट्ट्यापर्यंत उतरलेला टेकू, आणि पुढे ठरल्या कोनात तीन शिंगं.

बशीरने चित्र उलटसुलट करून पाहिलं. "एवढंच? याला कॉम्प्युटर कशाला लागला?"

"चुकायला," मुन्सिफ म्हणाला.

खमीस आला त्या सकाळी वारा पडलेला होता. सगळं बन उतरून झालं होतं. एकटी हज्जाला काळी, सुरकुतल्या फळांनी लवलेली. मन्नूबिया यायला तयार नव्हती. "तमाशा नको," म्हणाली. "झाडाचा निरोप घ्यायला येते, बाकी काही बांधू नकोस मला." मुन्सिफने वाद घातला नाही. झाडाखाली पोचल्यावर त्याने तिच्या कमरेला पट्टा आवळला, टेकू लावला, तिचा हात उचलून पन्हळीत ठेवला.

"हा तर हलतच नाही," ती म्हणाली.

"नाही हलायचा. तू फांदी ओढ."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग डावा हात वर केला, एक लोंबती डहाळी पकडली, शिंगांत अडकवली आणि ओढली.

आवाज आधी आला. कापडावर पडणाऱ्या जैतुनांचा, दाट, मऊ. मग तिने खाली पाहिलं. दुसरी डहाळी घेतली. तिसरी. पाय खरडत ती झाडाभोवती सरकू लागली. जलिलाने तोंडाशी हात नेऊन, आमच्या लग्नांत बायका देतात तशी, आनंदाची आरोळी दिली.

"गप गं," मन्नूबिया म्हणाली. "लग्न आहे का कुणाचं?" पण ओढणं थांबलं नाही.

खालचा घेर संपला, तेव्हा ती बुंध्यापाशी थांबली आणि वर बघितलं. फळ खरं तर वर होतं. खमीसची शिडी तिथेच टेकलेली होती. तिने पहिल्या पायरीवर डावा पाय ठेवला. उजवा उचलायला गेली, तो थरथरला. मुन्सिफ तिच्या पाठीमागे हात पसरून उभा राहिला. बऱ्याच वेळाने तिने पाय खाली घेतला.

खमीस चहा पीत बसला होता. फळती फांदी कापायला त्याचा हात आजवर धजला नव्हता, हे सगळ्या बनाला ठाऊक होतं. त्याने पेला ठेवला.

"मन्नूबिया, वरचं मी आज उतरवणारच आहे. फळासकट उतरवतो. तू बस."

"तुला चालेल?"

"मला नाही चालत," खमीस म्हणाला. "तरी उतरवतो."

तो अल्लाचं नाव घेत वर चढला. करवत चालू झाली. पहिली मोठी फांदी दोरीने बांधून तो खाली सोडू लागला, आणि मुन्सिफने ती अंगावर झेलली, मूल झेलावं तशी. मन्नूबिया उपड्या खोक्यावर बसली होती, टेकू कमरेला, शिंगं पुढे. मुन्सिफ फांदी तिच्यापुढे धरी. ती एकेक डहाळी निवडून हातातून ओढून घेई.

"ही समुद्राच्या अंगाची," ती म्हणाली. "हिच्यावर वारा आधी कळायचा."

पुढची आली. "हिच्यावरून रस्ता दिसायचा. तुझा बाप येताना मी इथूनच बघायचे."

तिसरी आली, तेव्हा ती नुसती सालीवरून अंगठा फिरवत राहिली. मग तीही ओढली.

उन्हं कलली. कापडाचा रंग दिसेनासा झाला, इतकी जैतुनं पडली होती. जलिला गुडघ्यांवर बसून ती टोपलीत भरत होती. मन्नूबिया वर बघत नव्हती. ती फक्त डावा हात पुढे करायची, मुन्सिफ फांदी द्यायचा, आणि ती पाऊस पाडायची.

"दुसरी आण," ती म्हणाली.

मुन्सिफने वर पाहिलं. खमीस शिडीवरून उतरत होता, भुवयांवर भुसा घेऊन. बुंध्याच्या वर जिथे तिचा हात असायचा, तिथे आता आभाळ होतं, पार कडेपर्यंत.

"उम्मी," तो म्हणाला आणि तिच्या कमरेचा पट्टा सोडायला वाकला.

"राहू दे," ती म्हणाली. "राहू दे थोडा वेळ."

डावा हात तिने तसाच पुढे धरला होता, फांदी घ्यायला.